रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे दिवस : स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतील आत्महत्येचा धोका आणि पेण-रोहा परिसर

प्रस्तावना

स्किझोफ्रेनिया हा शब्द मराठी वाचकास आता अपरिचित राहिलेला नाही. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून तो 'छिन्नमनस्कता' या नावाने येतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाने तो सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंतही नेला. तथापि या आजाराविषयी बोलताना एक बाब बहुधा वगळली जाते. रुग्ण इतरांस काय करील याची भीती समाजास वाटते. तो स्वतःच्या जिवाचे काय करील, याचा विचार त्या मानाने फारच थोडा होतो. वस्तुतः या रुग्णांकडून इतरांच्या जिवास असलेल्या धोक्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या जिवास असलेला धोका कितीतरी अधिक आहे.

प्रस्तुत लेखात रुग्णालयात दाखल झालेल्या व तेथून घरी परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतील आत्महत्येच्या धोक्याचा विचार केला आहे. हा धोका किती असतो, कोणास असतो व मुख्यतः केव्हा वाढतो, हे प्रश्न प्रथम घेतले आहेत. त्यानंतर रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांच्या संदर्भात प्रतिबंधाची जबाबदारी कोणावर येते, याची चर्चा केली आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, धोक्याचा सर्वांत कठीण काळ रुग्णालयाच्या भिंतींच्या आत नसून रुग्ण घरी परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असतो. म्हणून प्रतिबंधाचे निम्मे काम तालुक्याच्या गावीच व्हावयास हवे.

आजाराचे स्वरूप

स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व नव्हे. हा विचार, संवेदना, भावना व कृती यांतील मेळ बिघडविणारा मेंदूचा आजार आहे. त्याची लक्षणे ढोबळमानाने तीन गटांत मांडता येतात. पहिल्या गटात कोणी नसताना आवाज ऐकू येणे (भास), कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असा पक्का ग्रह होणे (संभ्रम) व बोलणे असंबद्ध होणे ही लक्षणे येतात. दुसऱ्या गटात उत्साह, आनंद, बोलणे-चालणे व माणसांत मिसळणे ओसरत जाते. लक्ष, स्मृती व नियोजन यांत येणारी उणीव हा तिसरा गट होय. पहिल्या गटातील लक्षणे घरच्यांच्या चटकन नजरेस येतात. दुसऱ्या गटातील लक्षणांना मात्र 'आळशी झाला', 'घुम्या झाला' असे म्हणून सोडून दिले जाते.

हा आजार बहुधा पंधरा ते तीस या वयात सुरू होतो. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी दिसू लागतो. म्हणजे शिक्षण, नोकरी व विवाह या तिन्ही गोष्टी ज्या वयात ठरतात, नेमके तेच वय या आजाराच्या आरंभाचे आहे. पुढे येणाऱ्या आत्महत्येच्या प्रश्नाचा या वस्तुस्थितीशी जवळचा संबंध आहे.

बंगळुरू येथील निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात स्किझोफ्रेनिया व तत्सम तीव्र मनोविकारांचे प्रमाण प्रौढांत आयुष्यभरातील १.४ टक्के व सर्वेक्षणाच्या वेळचे सुमारे ०.४ टक्के आढळले. अशा रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचेही दिसून आले. या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, त्यामुळे ही आकडेवारी आपल्याकडे जशीच्या तशी लावता येत नाही. तरी अंदाजासाठी ती वापरून पाहावी. २०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२०० होती. त्यातील दोन-तृतीयांश प्रौढ धरले, तर एका वेळी जिल्ह्यात सुमारे सात हजार व्यक्ती अशा आजाराने त्रस्त असाव्यात. हा केवळ हिशेब आहे, मोजणी नव्हे. परंतु प्रश्न दोन-चार घरांपुरता नाही, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे.

धोका किती व कोणास

स्किझोफ्रेनियाच्या दर दहा रुग्णांपैकी एक रुग्ण आत्महत्येने दगावतो, असे विधान अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत केले जात असे. २००५ साली पामर व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून हे प्रमाण सुमारे ५ टक्के असल्याचे दाखविले. अध्यापन करताना जुना आकडा वापरात असल्यास तो बदलावयास हवा. मात्र ५ टक्के म्हणजे वीस रुग्णांमागे एक, आणि हे मृत्यू आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत, म्हणजे तरुण वयात, अधिक होतात.

त्याच वर्षी हॉटन व सहकाऱ्यांचा आढावा ब्रिटनमधील मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्वी आलेले नैराश्य, पूर्वी केलेला आत्महत्येचा प्रयत्न, मादक द्रव्यांचा वापर, तगमग व अस्वस्थता, आपले मन ढासळत चालले आहे ही भीती, औषधोपचारातील खंड आणि नुकतीच झालेली एखादी मोठी हानी हे घटक त्यात धोका वाढविणारे आढळले. याउलट भास होणे हा घटक त्या आढाव्यात काहीशा कमी धोक्याशी संबंधित होता. कानांत येणारे आवाजच रुग्णास मरणाकडे ढकलतात, अशी सर्वसाधारण समजूत असते. असे आज्ञा करणारे आवाज काही रुग्णांत खरोखर घातक ठरतात व त्यांची चौकशी केलीच पाहिजे. परंतु एकंदरीत पाहता आत्महत्येची वाट बहुधा निराशेतून जाते.

ही निराशा कशी निर्माण होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. आजार जोरात असताना रुग्णास आपण आजारी आहोत हेच मान्य नसते. औषधांनी भास व संभ्रम ओसरतात, तेव्हा त्यास आजाराची जाण येते. आपली दोन वर्षे गेली, मित्र पुढे निघून गेले, आपल्याविषयी गावात काय बोलले जाते, हे सारे त्यास एकदम दिसू लागते. ज्याच्या स्वतःकडून व ज्याच्याकडून घरच्यांच्या अपेक्षा मोठ्या होत्या, अशा शिकलेल्या तरुणास हा आघात विशेष जाणवतो. अमेरिकेतील ड्रेक यांनी १९८० च्या दशकात या बाबीकडे लक्ष वेधले होते. केवळ उदास वाटणे एवढे कारण पुरेसे नाही, पुढे काहीच चांगले होणार नाही अशी हताशा हा खरा धोक्याचा दुवा आहे, असे त्यांच्या मांडणीचे सार आहे. सारांश, घरच्यांना रुग्ण 'सुधारला' असे वाटते, त्याच वेळी तो आतून खचत असण्याची शक्यता असते.

धोका केव्हा वाढतो

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या आरोग्याची नोंद ठेवली जाते. या नोंदींच्या आधारे किन व नॉर्डेन्टोफ्ट यांनी २००५ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मानसिक आजारासाठी दाखल होणाऱ्या रुग्णांत धोक्याची दोन शिखरे स्पष्ट झाली. पहिले शिखर दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, तर दुसरे घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात होते.

पहिल्या शिखराचे कारण सहज लक्षात येते. आजार ऐन भरात असताना व बहुधा मनाविरुद्ध दाखल झालेला रुग्ण भेदरलेला असतो. या काळात वॉर्डात नजर ठेवणे, रुग्णाजवळ कोणत्या वस्तू आहेत हे पाहणे व पाळी बदलताना परिचारिकांनी एकमेकींस माहिती देणे या बाबी महत्त्वाच्या ठरतात. आपल्याकडील सर्वसाधारण रुग्णालयांत रुग्णासोबत घरचा माणूस राहतो. हे या दृष्टीने एक बलस्थान आहे. मात्र त्या सोबत्यास काय पाहावयाचे व कोणास सांगावयाचे, हे कोणीतरी समजावून दिले पाहिजे. अन्यथा तो केवळ डबा आणणारा ठरतो.

दुसरे शिखर अधिक दुर्लक्षित आहे. २०१७ साली चुंग व सहकाऱ्यांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णांतील आत्महत्येचे प्रमाण काढले. ते दरवर्षी एक लाख रुग्णांमागे ४८४ एवढे आले. घरी सोडल्यानंतरचे पहिले तीन महिनेच घेतले, तर तेच प्रमाण १,१३२ होते. हे आकडे सर्व प्रकारच्या मानसिक आजारांचे असून बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील आहेत. तरी तुलनेसाठी सांगावयाचे तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतातील आत्महत्येचे एकूण प्रमाण लाखामागे १२.४ होते. त्या वर्षी देशात नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता.

घरी सोडल्यानंतर धोका का वाढतो? रुग्णालयात ठरावीक वेळी मिळणाऱ्या गोळ्या आता घरच्यांच्या आठवणीवर अवलंबून राहतात. दिवसाचा ठरलेला क्रम मोडतो. ज्या वादामुळे किंवा कर्जामुळे मन बिघडले होते, ते घरी तसेच वाट पाहत असते. शेजारीपाजारी कुतूहलाने पाहतात. डॉक्टरांची पुढची तारीख महिनाभरानंतरची असते. रुग्णालयाच्या दृष्टीने रुग्ण बरा होऊन गेलेला असतो, तर घरच्यांच्या दृष्टीने तो बरा होऊन आलेला असतो. त्यामुळे जबाबदारी दोघांच्या मधल्या जागेत पडून राहते. याच कारणाने इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत मनोविकार विभागातून घरी गेलेल्या रुग्णाशी ७२ तासांच्या आत संपर्क साधण्याचा दंडक घालण्यात आला आहे.

पेण व रोहा येथील परिस्थिती

आता हा 'मधला' काळ पेण व रोहा येथे कसा जातो, याचा विचार करू. दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय अलिबाग येथे, तर सर्वांत जवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय ठाणे येथे आहे. ठाण्याच्या या रुग्णालयाची स्थापना १९०१ सालची. राज्यातील अन्य तीन प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. रोह्याच्या डोंगराकडील वाडीतून ठाणे गाठावयाचे म्हणजे रुग्ण व सोबतचा माणूस या दोघांचा पूर्ण दिवस व दोघांचीही मजुरी जाते. औषध संपले असता 'पुढच्या महिन्यात पाहू' असे होते, त्यामागे अज्ञानाइतकाच हा हिशेबही असतो.

ही अडचण नियोजनकर्त्यांस ठाऊक नव्हती असे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात झालेल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबविण्यात येऊ लागला. त्याच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, नवव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, महाराष्ट्रातून रायगड जिल्ह्याची निवड झाली होती. मानसिक आजाराचा उपचार मोठ्या मनोरुग्णालयातून काढून तालुक्याच्या व प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांपर्यंत आणावा, हे त्याचे सूत्र होते. ही कल्पना आपल्या जिल्ह्यास नवी नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

स्थानिक अर्थजीवनाचाही उपचारांच्या सातत्यावर परिणाम होतो. दोन्ही तालुक्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी व कोळसाभट्टीच्या कामासाठी बाहेर पडतात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा घरातील रुग्णाचा केस पेपर एका ठिकाणी, तर रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती होते. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांच्या कामात झोप मोडते, आणि झोप मोडणे हे आजार उलटण्याचे एक परिचित निमित्त आहे. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत मात्र एक अनुकूल बाब दिसते. तेथील काम साचा भरणे, घासणे, रंग देणे, आखणी अशा टप्प्यांत विभागलेले असते. ज्यास एकदम पूर्ण वेळेची व जबाबदारीची नोकरी झेपत नाही, अशा बऱ्या होत असलेल्या व्यक्तीस त्यातील एखादा टप्पा पेलू शकतो. काम मिळणे हा पगारापुरता प्रश्न नाही. 'माझा काही उपयोग आहे' ही भावना वर सांगितलेल्या हताशेवरचा उतारा आहे.

श्रद्धेचा प्रश्नही टाळून चालणार नाही. 'बाहेरची बाधा' मानून भगताकडे किंवा देवस्थानी जाणे आपल्या परिसरात आजही घडते. त्याची टिंगल केल्याने कुटुंब डॉक्टरांपासून दूर जाते. देवदर्शन चालू ठेवा, पण गोळी बंद करू नका, हा मार्ग अधिक उपयोगी ठरतो. रुग्णास कोंडणे, साखळीने बांधणे, मारणे वा उपाशी ठेवणे यांस मात्र कोणत्याही कारणास्तव मान्यता देता येणार नाही.

याच जिल्ह्यात कर्जत येथे श्रद्धा पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांस त्यांच्या घरी पोहोचविण्याच्या कार्याबद्दल डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचाराचा शेवट रुग्णालयाच्या दारात होत नसून घराच्या उंबऱ्यावर होतो, ही दृष्टी त्या कार्यामागे दिसते. प्रस्तुत विषयातही तीच दृष्टी आवश्यक आहे.

उपचार व पाठपुरावा

औषधोपचाराच्या बाबतीत तीन गोष्टी शिक्षित वाचकास माहीत असाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे, औषध अचानक बंद करणे हे आजार उलटण्याचे मोठे कारण होय. ज्यांना रोजची गोळी नकोशी होते, त्यांच्यासाठी दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यावयाची इंजेक्शने उपलब्ध आहेत. दुसरी गोष्ट अशी की, काही औषधांमुळे रुग्णास एका जागी बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात, जीव कासावीस होतो. यास अकाथिसिया म्हणतात. हा दुष्परिणाम असह्य होऊ शकतो व आत्महत्येच्या विचारांशी त्याचा संबंध दाखविला गेला आहे. 'वेडाचा जोर वाढला' असे समजून डोस वाढविला, तर त्रास अधिकच होतो. डोस कमी करून किंवा औषध बदलून तो आटोक्यात आणता येतो. म्हणून हे लक्षण डॉक्टरांस लगेच सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट क्लोझापिन या औषधाची. मेल्ट्झर व सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत आत्महत्येचा धोका असलेल्या ९८० रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला होता. ओलँझापिन घेणाऱ्यांपेक्षा क्लोझापिन घेणाऱ्यांत आत्महत्येचे प्रयत्न व तत्सम वर्तन कमी आढळले. या औषधाने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्यास व पुढे ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. ही तपासणी तालुक्याच्या गावी होऊन तिचा निष्कर्ष मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचू शकला, तर त्यासाठी दरवेळी ठाण्यास जाण्याचे कारण उरणार नाही.

पाठपुराव्यासाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञच हवा, असे नाही. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही, हे लक्षात घेता तसा आग्रह व्यवहार्यही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ व्यक्ती होत्या. त्यांपैकी निम्म्या व्यक्तींना सुमारे तासाभराचे समुपदेशन व पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा भेट किंवा दूरध्वनी एवढीच जादा मदत दिली. या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू ०.२ टक्के, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के होते. हा अभ्यास केवळ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा नव्हता, तरी नियमित चौकशीचे बळ त्यावरून लक्षात येते. स्किझोफ्रेनियापुरते पाहावयाचे तर सातारा, गोवा व तामिळनाडू येथे २८२ रुग्णांवर झालेला व २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्याला अधिक जवळचा आहे. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घरी जाऊन दिलेल्या साहाय्यामुळे रुग्णांच्या अक्षमतेत माफक, पण खरी सुधारणा त्यात दिसली.

विचारावे की विचारू नये

'आत्महत्येचे नाव काढले तर नको तो विचार डोक्यात येईल' ही भीती कुटुंबीयांत, शिक्षकांत व कधीकधी डॉक्टरांतही असते. या विषयावरील संशोधनात तिला आधार मिळालेला नाही. शांतपणे व स्पष्टपणे विचारल्याने रुग्णास बहुधा हायसे वाटते. 'जगणे नकोसे वाटते का?', 'स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का?', 'तसे काही ठरविले आहे का?' असे एका पाठोपाठ एक प्रश्न विचारता येतात.

स्किझोफ्रेनियातील नैराश्य मोजण्यासाठी कॅल्गरी येथे विकसित झालेली नऊ प्रश्नांची मापनश्रेणी प्रसिद्ध आहे. अशा श्रेणी उपयुक्त असल्या, तरी त्यांची मर्यादा ओळखावी. श्रेणीनुसार 'कमी धोका' ठरलेल्या गटातही पुष्कळ आत्महत्या घडतात, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. म्हणून गुणांकनावरून कोणास मदत द्यावी व कोणास नाही असे ठरविण्याऐवजी घरी परतणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा करणे श्रेयस्कर.

भाषेचा मुद्दाही येथे येतो. आपल्याकडे मनाची वेदना 'मला नैराश्य आले आहे' अशा शब्दांत क्वचितच व्यक्त होते. 'जीव उबगला', 'आता पुरे झाले', 'घरच्यांना माझा भारच आहे', 'सुटेन एकदाचा' अशा शब्दांत ती येते. किंवा छातीत जड वाटणे, अंगात त्राण नसणे अशा शारीरिक तक्रारींतून येते. आगरी वा कातकरी बोलीत ती आणखी वेगळ्या शब्दांत येईल. इंग्रजीतील श्रेणीचे केवळ पुस्तकी भाषांतर करून वॉर्डात गेल्यास हे शब्द हातून निसटतात.

कायद्यातील बदल

१९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरविले. न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठासमोरील या प्रकरणातील आरोपी मुंबईतील एक पोलीस शिपाई होता व तो स्किझोफ्रेनियाने आजारी होता. म्हणजे कायद्याची ही चर्चा महाराष्ट्रात आपल्या विषयाच्या रुग्णापासूनच सुरू झाली. पुढे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. परंतु १९९६ मध्ये घटनापीठाने ती फिरविली व ते कलम कायम राहिले.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला त्यासाठी शिक्षा होत नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखे सर्वसाधारण कलम राहिलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा २२६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. हे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. पोलिसांच्या भीतीने कुटुंबे पूर्वीचा प्रयत्न डॉक्टरांपासून लपवितात, आणि पूर्वीचा प्रयत्न हीच धोका ओळखण्याची सर्वांत मोठी खूण असते.

याच अधिनियमातील आणखी दोन कलमे पेण-रोह्यासाठी महत्त्वाची आहेत. ९४ व्या कलमानुसार जिवास धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. म्हणजे मनोविकारतज्ज्ञ नाही या कारणास्तव उपजिल्हा रुग्णालयाने रुग्णास तसेच पुढे पाठविण्याचे कारण नाही. ९८ व्या कलमानुसार रुग्णास घरी सोडताना पुढील उपचारांविषयी रुग्ण, त्याचा प्रतिनिधी, कुटुंबीय व पुढे उपचार करणारे डॉक्टर यांच्याशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. हे कलम काटेकोरपणे पाळले गेले, तर वर उल्लेखिलेली 'मधली जागा' पुष्कळशी भरून निघेल.

महाविद्यालयीन शिक्षकांची भूमिका

हा विषय वैद्यकाचा असताना महाविद्यालयीन प्राध्यापकांपुढे का मांडावा, असा प्रश्न येऊ शकेल. त्याचे पहिले उत्तर वयात आहे. आजाराचा आरंभ बहुधा आपल्या वर्गातच होतो. हुशार विद्यार्थी हळूहळू मागे पडू लागला, एकटा राहू लागला, रात्र रात्र जागू लागला, वर्गमित्रांवर विनाकारण संशय घेऊ लागला, तर केवळ हजेरीची नोटीस न काढता पालकांशी व डॉक्टरांशी संपर्क घडवून आणावा. रुग्णालयातून परतलेल्या विद्यार्थ्यास त्याच वर्षी सर्व विषय देण्याचा आग्रह धरू नये. एखाद-दुसऱ्या विषयापासून सुरुवात, परीक्षेत सवलत व एक ठरावीक शिक्षक आधारासाठी, एवढ्या व्यवस्थेनेही त्याचे पुढचे दार उघडे राहते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा अंतर्भाव असल्याने अशा सवलतींस कायद्याचा आधार आहे.

दुसरे उत्तर संशोधनात आहे. आपल्या तालुक्यात घरी सोडलेल्या रुग्णाची पहिली फेरतपासणी किती दिवसांनी होते, तिच्यासाठी किती खर्च येतो, औषधात खंड कोणत्या महिन्यांत पडतो, हे प्रश्न मानसशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन हाती घेण्यासारखे आहेत. मात्र नैतिकता समितीची परवानगी, रुग्णाची संमती व गोपनीयता यांशिवाय असे काम सुरू करू नये. मुलाखतीत कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखविल्यास त्याच दिवशी त्यास उपचार मिळतील अशी व्यवस्था आधी करावी.

तिसरे उत्तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आहे. घरात रुग्ण परतला असता औषधे, कीटकनाशके व अन्य घातक वस्तू कुलपात ठेवणे, पहिले काही आठवडे त्यास एकटे न सोडणे, गोळ्यांची वेळ पाळणे, दारूपासून दूर ठेवणे व धोक्याच्या खुणा ओळखणे, ही पाच सूत्रे आशा कार्यकर्तींच्या मदतीने घरोघरी नेता येतील. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतूनही व अहोरात्र उपलब्ध आहे. तो प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर असावा.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतील आत्महत्या ही आजाराची अटळ परिणती नाही. पंचवीसातील एकोणीस-वीस नव्हे, तर वीसांतील एकोणीस रुग्ण या मार्गाने जात नाहीत. आणि जे जातात, त्यांच्यापैकी अनेकांचा धोका नैराश्य, औषधातील खंड, पूर्वीचा प्रयत्न व घरी परतल्यानंतरचा एकाकीपणा या बदलता येण्याजोग्या वा ओळखता येण्याजोग्या बाबींत असतो. ठाणे वा अलिबाग येथील रुग्णालय रुग्णाचे भास थांबवू शकेल. परंतु परतलेल्या रुग्णाची तिसऱ्या दिवशी कोणी विचारपूस केली काय, त्याची गोळी संपण्यापूर्वी दुसरी आली काय, त्यास काही काम व वर्गात जागा मिळाली काय, हे पेण व रोहा येथेच ठरते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने पूर्वीच आखलेल्या या वाटेवर आरोग्य विभाग, कुटुंब व महाविद्यालय यांनी बरोबरीने चालणे, हाच प्रतिबंधाचा व्यवहार्य मार्ग होय.